फिक्या कातड्यावरचे निळे डाग

“हात पुढे करा, मिस व्हटकर.”

मी दोन्ही हात मिस्टर टेबट यांच्या टेबलावर पालथे ठेवले.

“तसे नव्हे. तळवे दाखवा.”

मी तळवे वर केले. टेबट यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एखादे कातडे पारखावे तसे ते माझ्या हातांवर वाकले. खोलीतल्या साऱ्या सुऱ्या थांबल्या होत्या. चामडे कापणाऱ्या सुरीचे टोक कडेला सुटताना ‘टिक’ असा बारीक आवाज होतो. त्या आवाजावरूनच या कारागिरांना तिकडे क्लिकर म्हणतात. दिवसभर चालणारा तो आवाज बंद पडला, की आत काहीतरी घडते आहे हे खोलीबाहेरच्यांनाही कळत असे.

“काय शोधता आहात?” मी विचारले.

“सापडले असते तर सांगितले असते.” त्यांनी चष्मा खाली घेतला. “हात स्वच्छ आहेत.”

“मग?”

“तीच तर अडचण आहे.”

ही गोष्ट १९७६ च्या उन्हाळ्यातली, इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनशायर या जिल्ह्यातली. त्या जिल्ह्यात एका गावात बूट होत, शेजारच्या गावात बायकांची कंबर आवळणारी कॉर्सेट आणि तयार कोट, आणि पुढच्या गावात पुन्हा बूट. कारखाने येण्यापूर्वी परसातल्या शेडमध्ये पुरुष बूट बांधत आणि स्वयंपाकघरात बायका त्यांचे वरचे भाग शिवत. रविवारची दारू उतरेपर्यंत सोमवारी कोणी कामाला हात लावत नसे. त्या आळसालाही तिथे सणाचा मान होता. पुढे यंत्रे आली, शेड गेल्या, सोमवार गेला. एक वाटणी तेवढी शाबूत राहिली. कापणे पुरुषांचे, शिवणे बायकांचे.

हा इतिहास मला टेबट यांच्याकडूनच कळला. क्लिकिंग-रूमचे ते मुकादम होते आणि जिल्ह्यातल्या बूट आणि कपड्यांच्या धंद्यांचा इतिहास लिहीत होते. महिन्यातून एकदा चर्चच्या सभागृहात त्यांचे व्याख्यान असे. त्यांच्या तारखा कधी चुकत नसत. त्यांच्या इतिहासात स्त्रिया होत्या, पण सगळ्या सुई घेऊन बसलेल्या.

मी कोल्हापूरची. रसायनशास्त्राची पदवी घेतली, मद्रासला चर्मविद्या शिकले आणि या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. तिथे मी इतरांनी कापलेल्या चामड्याचे तुकडे ताणून, उकळून, जाळून पाहत असे. परंतु बूट टिकणार की तडकणार हे सुरी फिरते त्या क्षणी ठरते. ती सुरी मला हवी होती. नोकरीत स्त्री-पुरुष भेद करायला मनाई करणारा कायदा तिकडे नुकताच आला होता, म्हणून मालकांना माझा अर्ज फेटाळता येईना. टेबट यांनी मला एक अख्खे कातडे दिले आणि कापायला सांगितले. मी कापले. त्यांनी उरलेली कात्रणे हातात घेऊन पाहिली आणि एवढेच म्हणाले, “बसा.” कापायला कुठे शिकलात, हे त्यांनी विचारले नाही. मीही सांगितले नाही. उन्हाळा संपेपर्यंत मी उमेदवार राहणार होते. काम पटले तर जागा कायमची माझी.

मी त्या खोलीत बसले आणि गरमी पडली. तसा उन्हाळा त्या देशात कोणाच्या आठवणीत नव्हता. गवत वाळून पिवळे पडले, नळाला पाणी जपून सोडू लागले. नेमकी त्याच वेळी कारखान्याकडे फिक्या रंगाच्या बुटांची मोठी मागणी आली होती. झाडाच्या सालीने कमावलेले वासराचे कातडे, कुठलाही रंग न चढवलेले, सायीसारखे. एका सकाळी आदल्या दिवशी कापलेल्या तुकड्यांवर निळसर काळे डाग दिसले. दुसऱ्या सकाळी आणखी. आठवडा संपेस्तोवर टोपलीच्या टोपल्या बाद होऊ लागल्या.

आणि माझ्या तुकड्यांवर एकही डाग नव्हता.

हा पुरावा माझ्या बाजूचा आहे असा माझा समज होता. क्लिकिंग-रूमने तो माझ्याविरुद्ध धरला.

“तुमच्यापासून जे निघते ते दुसऱ्यांना बाधते,” टेबट माझ्या तळव्यांकडे बघत म्हणाले. त्यांच्या सुरात राग नव्हता. व्याख्यानात सनावळी सांगावी तसे ते बोलत होते. “माफ करा, विषय नाजूक आहे. माझी आजी त्या विशिष्ट दिवसांत डुकराच्या मांसाला मीठ लावत नसे. लावले की मांस नासायचे. अशा गोष्टी आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या आहेत.”

आमच्याकडे कैरीचे लोणचे नासते. डुकराचे मांस आणि कैरीचे लोणचे यांच्यात इतके साम्य असेल याची मला कल्पना नव्हती.

“असे डाग यापूर्वी कधी पडले होते का?” मी विचारले.

“अधूनमधून. ओल्या हवेत.”

“तेव्हा या खोलीत कोणती स्त्री होती?”

“कोणीच नव्हती.”

“मग तेव्हा दोष कोणाचा होता?”

“कातडे कमावणाऱ्याचा,” कोपऱ्यातून रेज बेझ ओरडला आणि सगळे हसले. रेज हा युनियनचा प्रतिनिधी. पाठीवर थाप मारावी तसे तो बोलत असे. त्या भागात ओळखीच्या-अनोळखी कोणालाही लाडाने ‘बदक’ म्हणण्याची रीत आहे. मी आल्या दिवसापासून त्याची बदक होते. “बदके, मनाला लावून घेऊ नकोस. कोणी तुला हाकलत नाहीये. महिन्याचे ते चार दिवस तू घरी थांब. भरपगारी! मी मालकांशी बोललोय. आम्हाला फक्त तारखा सांगायच्या.”

“कोणाला?”

“मिस्टर टेबट यांना. ते कोणाला सांगणार नाहीत.”

“आणि नाही सांगितल्या तर?”

रेजने टेबटकडे पाहिले. टेबट यांनी टेबलावरची माझी सुरी उचलली, पाते झाकले आणि बाजूला ठेवली. “सोमवारी सगळ्यांसमोर ठरवू. तुम्ही उमेदवार आहात, मिस व्हटकर. उमेदवाराला प्रयोगशाळेत परत पाठवायला मला कारण द्यावे लागत नाही.”

दुपारी मागच्या अंगणात भिंतीच्या सावलीला मी वत्सलाताई कर्णिकांजवळ जाऊन बसले. वत्सलाताई शिलाईच्या खोलीत मशीनवर असत. नैरोबीहून आलेल्या, मूळच्या ठाण्याच्या. कारखान्यात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, त्यामुळे डबा एकत्र. बातमी माझ्या आधी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

“चार दिवस भरपगारी!” त्या म्हणाल्या. “मला देतील का गं? मी तर मेली आठ दिवस सांगेन.”

“मी तारखा सांगणार नाही.”

“बरं, नको सांगूस. मग सरळ म्हण, त्या आठवड्यात मी नव्हतेच बसलेली. मिटलं! कोण बघायला येतंय?”

“आणि असते तर?”

“तरी तेच म्हणायचं. अगं, साहेबाला काय कळतंय त्यातलं!”

“वत्सलाताई, ‘नव्हते’ म्हटले की ‘असते तर डाग पडले असते’ हे मी कबूल केले असे होते. मग पुढच्या महिन्यात काय म्हणू?”

“तू ना, शास्त्र घेऊन बसतेस.” त्यांनी डब्यातली पोळी मोडून निम्मी माझ्या हातावर ठेवली. “आपल्याकडेही बाजूला बसतातच की. माझ्या सासूबाई अजून मला देवाला हात लावू देत नाहीत त्या दिवसांत. मी काय भांडत बसते? चार दिवस तेवढीच विश्रांती.”

मी पोळी डब्याच्या झाकणावर ठेवली. मग जे त्या देशात कोणालाच सांगितले नव्हते ते सांगितले.

“आम्ही चांभार, वत्सलाताई. माझे वडील चपला बांधायचे, आजोबाही. मी सुरी धरायला त्यांच्या मांडीवर शिकले. शाळेत हौदापाशी बाकीच्या मुली पाणी पिऊन बाजूला होईपर्यंत मला थांबावे लागे, मग कोणीतरी वरून ओंजळीत ओते. माझ्यापासून काहीतरी निघते आणि ते दुसऱ्यांना बाधते, हे मी टेबट यांच्याकडून पहिल्यांदा ऐकलेले नाही. तिथे महिन्याचे चार दिवस नव्हते. रोजच होते.”

वत्सलाताईंच्या हातात पोळीचा तुकडा तसाच राहिला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते. बघायचे धैर्य नव्हते असे नाही, उत्तर काय येते ते आधी कानांनी ऐकावे असे वाटले.

“एवढे दिवस बोलली नाहीस,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही विचारले नाहीत.”

“आडनावावरून मला वाटलं…” त्यांनी वाक्य सोडून दिले. तो तुकडा माझ्याच भाजीत बुडवला, खाल्ला आणि बोटे चाटली. मग एकदम चिडून म्हणाल्या, “मग तर सांगूच नकोस! मेल्यांना एक अक्षर सांगू नकोस. गेली जागा तर गेली.”

जागा जाऊ द्यायची नव्हती. आणि न सांगणे हा निश्चय झाला, स्पष्टीकरण नव्हे. डाग खरे होते. त्यांचे काहीतरी कारण असणार होते. त्या दुपारी मी सुरी न उचलता बसून राहिले आणि आजवर नुसती नजरेखालून जाणारी एक गोष्ट नीट पाहिली.

दाराजवळ एक सपाट काळा दगड होता, सगळ्यांच्या मधला. सुरीची धार गेली की क्लिकर उठे, दगडावर थुंके, पाते घासे, बोटाने पुसे आणि जागेवर जाई. पाण्याने धार मरते अशी त्यांची ठाम समजूत होती. दगडावर थुंकण्यात ज्येष्ठतेचा क्रमही होता. सकाळी पहिली थुंकी टेबट यांची. मला या प्रथेची किळस होती, म्हणून मी घरून आणलेला लहान दगड वापरत असे आणि प्रयोगशाळेच्या सवयीने प्रत्येक वेळी हात धूत असे. त्याबद्दल माझी भरपूर थट्टा झाली होती. दगडावर जो राखाडी चिखल साचे तो म्हणजे पोलादाचा कीस. एरवी तो कोरड्या बोटांवर निरुपद्रवी राही. या उन्हाळ्यात मात्र प्रत्येकाचे तळवे घामाने निथळत होते.

पुढचे मला कोणत्याही ग्रंथात शोधावे लागले नाही. आमच्या घरी चामडे काळे करायचे तर माझी आत्या मोडके खिळे आणि नाल गुळाच्या पाण्यात कुजत घाली आणि ते पाणी सालीने कमावलेल्या चामड्यावर फिरवी. बघता बघता चामडे शाईसारखे होई. साल आणि लोखंड ओलाव्यात भेटले की दुसरे काही होतच नाही.

सोमवारी सकाळी मी प्रयोगशाळेतून पिवळ्या द्रावणाची एक बाटली, थोडे व्हिनेगर आणि कापूस घेऊन क्लिकिंग-रूममध्ये गेले. सगळे आपापल्या टेबलाला टेकून उभे होते. टेबट यांनी टाय घातला होता. क्लिकर नेहमीच टाय घालत, पण त्या दिवशी गाठ अधिक घट्ट होती.

“तारखा?” त्यांनी विचारले.

“फिक्या कातड्याचा एक तुकडा हवा आहे.”

तुकडा आला. मी बोट पाण्यात बुडवून त्याच्या एका टोकाला घासले. ओला ठसा उमटला, एवढेच. मग मधल्या दगडावरचा चिखल बोटावर घेऊन दुसऱ्या टोकाला घासला. बोलण्याची गरज पडली नाही. आधी राखाडी, मग निळसर, मग काळा. बाद झालेल्या टोपलीतला एक तुकडा मी शेजारी ठेवला. दोन्ही डाग एकाच आईची लेकरे दिसत होती.

“हे दगडाचे झाले,” रेज म्हणाला. “दगड कोणी कातड्यावर घासत नाही.”

“हात पुढे करा, मिस्टर टेबट,” मी म्हणाले.

खोलीत कोणीतरी खाकरले. टेबट यांनी हात पुढे केला.

“तसे नव्हे. तळवा.”

त्यांचा तळवा मी व्हिनेगरच्या कापसाने ओला केला आणि त्यावर पिवळे द्रावण टाकले. ते द्रावण लोखंडाच्या गंजाला भेटले की निळे होते. नुसत्या कातडीवर पिवळेच राहते. टेबट यांच्या तळव्याच्या रेषा एकेक करून निळ्या झाल्या, एखाद्या नकाशावर नद्या काढाव्यात तशा. मग मी तेच माझ्या तळव्यावर केले. पिवळे ते पिवळेच.

“अरे वा!” कोणीतरी म्हणाले, आणि पाठोपाठ तीन-चार जणांनी आपले हात पुढे केले. सगळे निळे. थोडा वेळ ती खोली जत्रेसारखी झाली. रेजचा अंगठा सर्वांत गडद निघाला, त्याचाही त्याला अभिमान वाटला.

पण रेज मूर्ख नव्हता. हसणे आवरून तो म्हणाला, “थांब, बदके. रक्तातही लोखंड असतंच की. शाळेत शिकलोय.”

त्या खोलीत ऐकलेला तो पहिला शास्त्रीय आक्षेप होता. मी त्याला त्याच्या योग्यतेचे उत्तर दिले. “असते. पण ते रक्ताच्या रंगात घट्ट बांधलेले असते. या द्रावणाला ते असे सुटून मिळत नाही. तुझे बोट कापले तर करून दाखवते.”

“नको, नको.” तो पुन्हा हसला. “मान्य. मग एकच राहिलं. त्या आठवड्यात तू तुझ्या त्या चार दिवसांत होतीस की नव्हतीस? नव्हतीस तर मेलीच आमची समजूत. होतीस तर अजून काही सिद्ध झालं नाही. बरोबर ना? एका शब्दात सांग आणि आपण कामाला लागू.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. कोणाच्याही चेहऱ्यावर दुष्टावा नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते. तर्काच्या दृष्टीने रेजचे म्हणणे चुकीचेही नव्हते. निरीक्षण पुरे करायचे तर तो रकाना भरायला हवा होता. आणि एका शब्दाने जागा पक्की होत होती.

“सांगणार नाही,” मी म्हणाले.

“का बुवा?”

“तुझे पोट आज साफ झाले का, रेज? त्याचाही हवेशी संबंध असेल. सगळ्यांचे विचारूया. मग माझे विचार.”

मागून हशा उसळला, पण टेबट हसले नाहीत. “मिस व्हटकर, उत्तर न दिल्यास तुमच्या सिद्धान्तात एक भोक राहते.”

“राहू द्या.”

“आणि मी तुम्हाला प्रयोगशाळेत परत पाठवले तर?”

“पाठवा. कारण मात्र खरे द्या. डाग कशाने पडतात ते हिने दाखवले आणि स्वतःच्या शरीराचा हिशोब दिला नाही, म्हणून पाठवली. हे वाक्य तुमच्या इतिहासातही घाला, तारखेसकट.”

टेबट यांनी ॲप्रनवर तळवा घासला. निळे निघाले नाही. पुन्हा घासला. मग ते दाराजवळच्या दगडाशी गेले.

“दगडावर आपण का थुंकतो, रेज?”

“सगळेच थुंकतात. माझे आजोबा थुंकायचे.”

“माझेही. मी ते पुस्तकात लिहिले आहे. एक उत्तम प्रथा म्हणून.” त्यांनी पाण्याचा डबा उचलला आणि दगडावर ओतला. काळे पाणी जमिनीवर पसरत रेजच्या बुटांपर्यंत गेले. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “फिके कातडे सगळे मिस व्हटकर यांच्या टेबलावर न्या. बाकीच्यांचे हात धुऊन होईपर्यंत त्याच कापतील.”

माझी झाकलेली सुरी त्यांनी स्वतः आणून दिली. माफी मागितली नाही. मलाही ती नको होती. टेबल हवे होते आणि ते मिळाले होते. त्या आठवड्यात चर्चच्या सभागृहात टेबट यांचे व्याख्यान झाले. ते त्यांनी हात खिशात घालून दिले, असे वत्सलाताई सांगत आल्या. त्या मुद्दाम गेल्या होत्या आणि मुद्दाम पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

उन्हाळ्याअखेर जागा माझी झाली. पुढच्या वर्षी शिलाईच्या खोलीतून आणखी दोघी आल्या. त्यांच्या तारखा कोणी विचारल्या नाहीत. बऱ्याच वर्षांनी, टेबट गेल्यानंतर, त्याच खोलीची मुकादम म्हणून मी रेजला निवृत्तीचा निरोप दिला. केक कापून झाल्यावर तो माझ्या कानाशी आला. “आता तरी सांग, बदके. मरेपर्यंत डोक्यात राहील माझ्या. होतीस की नव्हतीस?”

“राहू दे डोक्यात,” मी म्हणाले.

वाचणाऱ्यालाही आतापर्यंत तोच प्रश्न पडला असेल. त्या आठवड्याचे उत्तर मला नेमके आठवते. ते मी त्या खोलीला दिले नाही, वत्सलाताईंना दिले नाही, आणि इथेही देणार नाही.